समुद्रगाय जाळ्यात सापडल्यास : तंजावर किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठी माहिती

तमिळनाडू शासनाने सप्टेंबर 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात, तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे सुमारे 448 चौ. कि.मी. क्षेत्र समुद्रगायीसाठी (डुगाँग, तमिळमध्ये कडल पसु) संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले. सरफोजीराजांनी बांधलेल्या मनोऱ्यासमोरचा समुद्र तो हाच. ‘राखीव’ शब्दाने घाबरू नका, हे अभयारण्य नव्हे. कायद्यानुसार असे क्षेत्र स्थानिकांशी विचारविनिमय करून जाहीर होते व व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात.

समुद्रगाय जाळ्यात अडकली तर काय करावे?
समुद्रगाय मासा नाही. श्वासासाठी तिला दर काही मिनिटांनी वर यावे लागते, अडकून राहिल्यास ती गुदमरून मरते. म्हणून गरज पडल्यास जाळे कापा, तिला सोडा आणि वन विभागाला कळवा. शक्य असल्यास मोबाईलवर चित्रीकरण करा, पण त्यापायी सुटकेला उशीर नको. जाळे कापण्यात आपले नुकसान होतेच. अशी सुटका करणाऱ्या मच्छीमारांना वन विभागाने रोख बक्षिसेही दिली आहेत. शिवाय ती ज्या समुद्री गवतावर चरते, त्यातच कोळंबी व मासळीची पिल्ले वाढतात.

मांस विकले किंवा बाळगले तर?
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 नुसार हा गुन्हा आहे. शिक्षा : 3 ते 7 वर्षे कारावास व किमान 25,000 रुपये दंड.