निंबोळीची साक्ष

तुळशीवर मावा पडला किंवा गुलाबाच्या कुंडीत पांढऱ्या पिठ्या ढेकणांनी ठाण मांडले, की जुन्या घरातील वडीलधारी बाई वाळलेल्या निंबोळ्या खलबत्त्यात कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालीत असे. सकाळी ते पाणी फडक्यातून गाळावयाचे आणि पानांवर, विशेषतः पानांच्या पाठीवर, शिंपडावयाचे. हा शोध कोणाचा, हे विचारण्याचे तिला कारणच नव्हते.

शास्त्रज्ञांनी ते फार उशिरा विचारले. १९५९ साली सुदानात टोळधाड आली, तेव्हा आजूबाजूचे रान फस्त झाले असता कडुनिंब तेवढा हिरवा राहिल्याचे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत प्रधान व त्यांचे सहकारी याच वाटेने निघाले होते. निंबोळीचा अर्क शिंपडलेले पीक टोळ खात नाहीत, हे त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. १९६८ साली इंग्लंडात त्या बीमधील मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. तिची अन्नावरची वासना उडते, कात टाकणे बिघडते आणि वाढ खुंटते. उन्हात मात्र ते लवकर निकामी होते. म्हणून अर्क ताजाच हवा, आणि सकाळच्या शिंपणापेक्षा सायंकाळचे बरे. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की प्रयोगशाळेत ते घडविण्यास केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना २२ वर्षे लागली. २००७ साली त्यांना यश आले.

तत्पूर्वीच या झाडावर मालकीचा वाद उभा राहिला होता. निंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते यांना दिले. वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यास हरकत घेतली. अडचण पुराव्याची होती. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट खरी. पण अमुक दिवशी, अमुक प्रमाणात, अमुक शेतात हे केले, असे कोणत्या घरात लिहून ठेवलेले असणार?

पुरावा मिळाला तो महाराष्ट्रात. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशा अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यांविषयीची साक्ष म्युनिकला पोहोचली आणि मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळण्यात आले.