नळदुर्गास आलेला परका

परदेशगमनाच्या हकिकतींची आपणा मराठी वाचकांस मोठी गोडी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या, त्यांचे तेथील पहिले दिवस कसे गेले, हे आपल्या घरोघरी कौतुकाने सांगितले जाते. परंतु जो परका आपल्याच मुलुखात येऊन उतरला त्याचे पहिले दिवस कसे गेले असतील, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात असा एक परका आहे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलर १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला. बाप व्यापारी, पण व्यापार बसल्यामुळे मुलास लवकर मार्गी लावणे भाग पडले. मुंबईतील बॅक्स्टर नामक व्यापाऱ्याच्या पेढीत त्याने उमेदवारी करावी व एकविसाव्या वर्षी भागीदार व्हावे, असे ठरले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, महिनेच्या महिने समुद्रावर काढून १८२४ च्या सप्टेंबरात हा मुलगा मुंबईस उतरला, तेव्हा त्यास सोळावे सरले नव्हते. पेशवाई बुडून अवघी सहा वर्षे झाली होती आणि एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर होते. उतरल्यावर पाहतो तो पेढी म्हणजे एक दुकान, आणि तेही डबघाईस आलेले! भागीदारीची गोष्टच राहिली नाही. मागे घरी पैसा नाही, पुढे धंदा नाही, ओळखीचे माणूस नाही. आपल्याकडील एखादा पोरका विद्यार्थी पुण्यास वार लावून जेवावयास येई, त्याची स्थिती याहून बरी म्हणावी लागेल. त्यास निदान भाषा तरी आपली असे.

सुदैवाने मुंबई सरकारचे मुख्य चिटणीस न्यूनहॅम हे त्याच्या नात्यातले निघाले. त्यांनी खटपट करून त्यास निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली आणि मुलगा घाट चढून औरंगाबादेस रुजू झाला. ही फौज मोठी चमत्कारिक होती. तिचा खर्च निजामाच्या माथी, अधिकारी मात्र इंग्रज. या तपशिलाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पोरवयात पदरी पडलेल्या या निराधारपणाचा टेलरास एक फायदा झाला, असे आम्हांस वाटते. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्यास लोकांची भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नसते. तो हिंदुस्थानी शिकला, मराठी शिकला; विशी गाठण्यापूर्वीच निजामाच्या राज्यातील नैर्ऋत्येकडच्या टापूत पोलिसांचा अधिकारी झाला. मोजणी, बांधकाम, कायदा ही सारी शास्त्रे त्याने स्वतःच्याच मेहनतीने हस्तगत केली. हैदराबादचे प्रसिद्ध सावकार पामर यांच्या घराण्यात त्याचे लग्न झाले. (त्या पामरांची पेढीही नेमकी १८२४ सालीच बुडाली होती, टेलराच्या कुंडलीत बुडीत पेढ्यांचा काही विशेष योग असावा!) सुरापूर संस्थानाचा कारभार त्याने सुमारे दहा वर्षे पाहिला. तेथे असतानाच, १८४४ साली, त्याची पत्नी निवर्तली.

मग १८५३ साल उजाडले. त्या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबत तुंबत एवढी वाढली होती की, लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत निजामास तह करून वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला. नळदुर्गाचा कारभार पाहण्यास टेलराची नेमणूक झाली. सोळा वर्षांच्या निराश्रित मुलास ज्या फौजेने भाकरी दिली, तिच्याच पगाराच्या कर्जापोटी घेतलेल्या मुलुखावर तो आता हाकीम होऊन येत होता!

नळदुर्गाची जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस त्या आगमनाची कल्पना येईल. बोरी नदीच्या वळणावर काळ्या पाषाणाचा अजस्र किल्ला, आत उंच उपळी बुरूज, आणि नदी अडवून बांधलेला तो बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि आत बसलेल्या माणसास पाण्याचा पडदाच तेवढा दिसतो, अंगावर थेंब येत नाही.

मुंबईस उतरलेला मुलगा दुसऱ्यांच्या दयेवर होता. नळदुर्गास आलेल्या अधिकाऱ्याच्या दयेवर दुसरे होते. परकेपणाचे हे दोन प्रकार एकाच माणसाच्या वाट्यास आले. टेलर लोकांत मिसळणारा होता, हे खरे. तथापि, त्याचा चांगुलपणा जमेस धरूनही तो मुलूख कर्जाच्या वसुलीतच गेला होता, हे विसरता येत नाही. आपल्याकडे साहेबांची स्तुती करणारे ही दुसरी बाजू गाळतात, आणि निंदा करणारे पहिली.

१८५७ च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली झाली. १८६० च्या तहाने धाराशिव पुन्हा निजामाकडे गेले आणि त्याच साली टेलरानेही नोकरी सोडली. मायदेशी परतल्यावर १८६३ साली त्याने 'तारा' ही मोठी कादंबरी प्रसिद्ध केली. अफझलखानाच्या स्वारीचा काळ तीत आहे. त्या कथेचा आरंभ विजापूरच्या दरबारात नाही की रायगडावर नाही. तो तुळजापुरास, भवानीच्या देवळाच्या आसमंतात, एका शास्त्र्याच्या घरी होतो.