दक्षिण गंगोत्रीच्या वाटेवर
जबलपूरच्या सिविल लाइन्समधील श्रोत्यांस गंगोत्री म्हटले की हिमालयच आठवेल. परंतु डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून ‘फिनपोलारिस’ जहाज निघाले, ते अंटार्क्टिकावर ‘दक्षिण गंगोत्री’ वसविण्यासाठी. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या त्या तुकडीत औंधच्या पंत घराण्यातील, नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ताही. भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. समुद्र पुन्हा गोठण्यापूर्वी जहाजास माघारी फिरणे भाग होते. म्हणून आठ आठवड्यांतच केंद्र उभारले गेले. जहाज परतले आणि बारा जण ध्रुवीय हिवाळा काढण्यास मागे राहिले. खरे धाडस, माझ्या मते, त्यांचेच! पुढे १९९० च्या सुमारास ते केंद्र हिमात गाडले गेले; तोवर खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ उभी राहिली होती.