खुन्याच्या मागावर : एका चित्रप्रकाराची कुळकथा

जुना काळ, एकामागून एक पडणारे मुडदे, त्यांचा एकमेकांशी संबंध लावू पाहणारा तपास अधिकारी आणि भेदरलेले गाव, एवढ्या सामग्रीवर उभा राहणारा रहस्यपट आता मराठी प्रेक्षकाच्याही अंगवळणी पडला आहे. जगभरच्या या प्रकाराचे मूळ बहुतेक जण 1888 सालच्या लंडनमध्ये, ‘जॅक द रिपर’च्या कधीच न उलगडलेल्या खुनांमध्ये शोधतात. हिचकॉकचा ‘द लॉजर’ (1927) आणि फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (1931) हे त्याचे आरंभीचे टप्पे. दक्षिण कोरियातल्या 1986 ते 1991 दरम्यानच्या खुनांवर बोंग जून-होने ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (2003) काढला, त्यानंतर या प्रकाराला नवी प्रतिष्ठा मिळाली. हा चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. त्याची ओळख पटायला 2019 उजाडावे लागले.

भारतातली शाखा याहून जुनी म्हणावी लागते. फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 सालची, म्हणजे रिपरच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीची. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या ठगाचा कबुलीजबाब आणि तो ऐकणारा इंग्रज अधिकारी अशी तिची मांडणी आहे. 1988 साली आलेल्या ‘द डिसीव्हर्स’ या चित्रपटात पियर्स ब्रॉस्नन ठगांचा माग काढणारा कंपनी सरकारचा अधिकारी झाला आणि ही परंपरा पडद्यावरही दिसली.

मराठीत डिटेक्टिव्ह आला तो मात्र वेगळ्या वाटेने. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे वाचनालयांच्या कपाटांतून घरोघरी पोचली. पुढे गोव्याशी नाते असलेल्या गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांच्यासारखे नायक उभे केले. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या बाराशेच्या घरात सांगितली जाते. एवढा ऐवज हाताशी असूनही माथेफिरू खुन्याच्या शोधाचा चित्रपट या कपाटातून आला नाही. अर्नाळकरी खलनायकाला हेतू असतो : इस्टेट, सूड किंवा हिऱ्यांचा हार. हेतूच न सापडणारा खुनी या चौकटीत मावत नाही. तो आला पोलिसांच्या फायलीतून, आणि त्यातही एका अधिकाऱ्याच्या दोन फायलींतून.

पहिली फाइल रमण राघवची. मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात जड वस्तू घालून खून होऊ लागले ते 1965-66 मध्ये. त्या वेळी राघव पोलिसांच्या हाती लागलाही होता, पण पुराव्याअभावी त्याला सोडावे लागले. 1968 मध्ये खून पुन्हा सुरू झाले, या वेळी पश्चिमेकडच्या उपनगरांत. मुंबई क्राइम ब्रँचचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. 27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला डोंगरीत ओळखले. अंगझडतीत एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद निघाले. कुठल्याही पटकथाकाराला सुचणार नाही अशी ही यादी आहे. ओळख पक्की झाली ती जुन्या नोंदीतल्या बोटांच्या ठशांवरून. चौकशीत तो दाद देईना. शेवटी कोंबडीचे जेवण मिळाले आणि मग तो बोलू लागला.

सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमली आणि तो बरा न होणारा मनोरुग्ण असल्याचा निष्कर्ष निघाला. 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला.

या प्रकरणावर श्रीराम राघवन यांनी 1991 साली रघुवीर यादवला घेऊन एक छोटा चित्रपट केला. तो थिएटरात न लागता व्हिडिओवरच राहिला. अनुराग कश्यपचा ‘रमण राघव 2.0’ (2016) आधी साठच्या दशकातच घडणार होता. जुनी मुंबई उभी करण्याचा खर्च झेपेना, म्हणून कथा आजच्या काळात आली आणि राघव त्यात केवळ नव्या खुन्याचा आदर्श म्हणून उरला. या प्रकाराची खरी अडचण इथे दिसते. रहस्य स्वस्तात लिहिता येते, पण बसगाड्या, पाट्या, दिवे आणि रिकामे रस्ते यांना पैसे मोजावे लागतात.

दुसरी फाइल परभणी जिल्ह्यातल्या मानवतची. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात तिथे दहा जणींचे खून झाले. त्यांत लहान मुलीही होत्या. दुष्काळाचे ते दिवस. स्थानिक तपास अडला तेव्हा कुलकर्णी मुंबईहून गेले. माजी नगराध्यक्ष उत्तमराव बारहाते आणि त्यांच्याबरोबर राहणारी रुक्मिणी यांच्या वाड्यातल्या पिंपळाखाली धन आहे, त्यावर मुंजा बसला आहे आणि त्याला रक्त हवे, या समजुतीतून हे बळी गेल्याचा पोलिसांचा आरोप होता. खटला मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवर उभा राहिला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा हे ठासून सांगितले. माफीच्या साक्षीदाराबाबत या निकालाचा दाखला आजही दिला जातो. ज्या दोघांभोवती सारी कथा फिरते ते उत्तमराव आणि रुक्मिणी या खटल्यातून सुटले.

कुलकर्णींनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’ या पुस्तकावरून ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका 4 ऑक्टोबर 2024 रोजी सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे. आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत होते, मकरंद अनासपुरे आणि सोनाली कुलकर्णी उत्तमराव-रुक्मिणीच्या, तर सई ताम्हणकर रुक्मिणीची बहीण समिंद्री हिच्या. मराठीत या प्रकाराला सगळ्यांत जवळ जाणारी कृती हीच. तपास अधिकाऱ्याच्या आठवणीतून ती घडली, त्यामुळे साहजिकच तिची नजरही त्याचीच आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरच्या ‘माफीचा साक्षीदार’ (1986) या चित्रपटात मात्र खुनी टोळीच केंद्रस्थानी आहे, आणि तो निघाला तेव्हा ते प्रकरण अजून ताजे होते. 1976-77 मधल्या त्या दहा खुनांसाठी चौघांना येरवड्यात फाशी होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती.

गोव्याच्या पोलिसांकडेही अशी एक फाइल आहे आणि ती या चित्रप्रकाराच्या सगळ्या सवयी मोडते. फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा महानंद नाईक लग्नाचे आमिष दाखवून तरुणींना दागिने घालून बोलावी आणि त्यांच्याच दुपट्ट्याने गळा आवळी. हे सुमारे पंधरा वर्षे चालले. त्या काळात कोणी अधिकारी या खुन्याच्या मागावर नव्हताच, कारण बहुतेक मुलींची नोंद ‘बेपत्ता’ एवढीच होती आणि त्या कुणाबरोबर तरी पळून गेल्या असतील असे धरून चालले जाई. 2009 मध्ये एका तरुणीच्या खुनाच्या तपासात तो पकडला गेला. मग जुन्या नोंदी बाहेर निघाल्या आणि त्याच्यावर सोळा खुनांचे आरोप ठेवले गेले. त्यांतल्या काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, तर बऱ्याच खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला.