आठ तासांच्या पलीकडचे तास

मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाची गाऱ्हाणी आपण सर्वांनी ऐकली आहेत. नळाला पाणी यायचे ते अपरात्री, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि घरी पाहुणा आला की घरच्याच माणसाने गॅलरीत पथारी टाकायची. हे ऐकून आपण म्हणतो, ‘शहर म्हटले की हे चालायचेच.’ मला आज एवढेच सांगायचे आहे की, हे चालायचेच असे कोठे लिहून ठेवलेले नाही. या त्रासाला इतिहास आहे. माझी हयात कामगार संघटनेत गेली, तेव्हा तो इतिहास मी कामगाराच्या घड्याळावरच मांडतो.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्या काळी कामाचा दिवस सूर्य उगवला की सुरू होई आणि मावळला की संपे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पुढे १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आला, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४६ मध्ये आठवड्याचे ४८ तास ठरले. एकेका तासासाठी एकेक पिढी झिजली.

आता घराकडे पाहा. १८९६ च्या प्लेगने कामगार वस्तीची दशा चव्हाट्यावर आणली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यांत खोल्या सुमारे सोळा हजार. खोली १६० चौरस फुटांची. तीत एक संसार आणि गावाकडचे चारदोन भाऊबंद. कोंडमारा होताच. पण कामगार भोंग्याच्या हाकेवर राहत होता. चालत कामावर जाई आणि चालत घरी येई.

पुढे शहर उत्तरेकडे पसरत गेले. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली. १९५१ साली या मुलखात सुमारे तीस लाख माणसे होती. १९८१ मध्ये ती ब्याऐंशी लाखांवर गेली. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनीला सोन्याचे मोल आले, आणि अनेक कामगार कुटुंबांनी नालासोपारा-विरारची वाट धरली. २०११ च्या जनगणनेत एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक वस्ती भरली.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. घर ते स्टेशन, गाडीची वाट, प्रवास आणि पुढची पायपीट धरली, तर जाऊन-येऊन चार तास सहज मोडतात. सहा दिवसांचे चोवीस तास झाले. ४८ तासांच्या आठवड्याला आणखी निम्मा आठवडा जोडला गेला! त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याचा पगार नाही, त्याला ओव्हरटाइम नाही. कारखान्याच्या दाराशी आपण जे तास सोडवून घेतले, ते फलाटावर परत गेले. आम्ही संघटनेची माणसे दाराशी पहारा देत राहिलो. तास मागच्या दाराने निसटत होते.

बायकांच्या वेळेचा हिशेब तर कोणी मांडलाच नाही. मुंबईने पाणी आणले विहारहून १८६० मध्ये, तानसाहून १८९२ मध्ये, वैतरणेवरून १९५७ मध्ये. दर वेळी अधिक लांबून. तरी उपनगरातली बाई हंडा घेऊन रांगेत उभीच. १९६१ साली महापालिकेवर निवडून आलेल्या मृणाल गोरे यांनी गोरेगावातल्या बायकांना एकत्र करून ही रांग सभागृहात नेली. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. जे गाऱ्हाणे रांगेत कुरकुर होते, ते चार घरांनी मिळून मांडले तेव्हा मागणी झाले.

मित्रहो, ही गोष्ट आता दूरची राहिलेली नाही. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तिचे स्वागतच आहे. नरपडच्या मुलाला तिने नोकरीची वाट मोकळी केली. पण चर्चगेट येथून सुमारे १२४ किलोमीटर. आपल्या सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी वसई-विरारला जाते, आणि आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात डोक्यावर हंडे दिसतात. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. काम आले की माणसे येतील, माणसे आली की घरे, पाणी आणि गाड्या लागतील.

१९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे आधी विचारायचे कसे, हे या तालुक्याला ठाऊक आहे. आता विचारायचे ते असे: येणारा कामगार राहणार कोठे? कामापासून किती मिनिटांवर? त्याच्या घरचा नळ कोणत्या पाड्याच्या पाण्यावर चालणार? ही उत्तरे पहिली वीट बसण्यापूर्वी कागदावर घ्या. मागाहून रांगेत उभे राहून कुरकुरण्यापेक्षा आज ग्रामसभेत उभे राहणे स्वस्त पडते.