पाचारण आणि निष्ठा : संत गोन्सालो गार्सिया व नागासाकीची ख्रिस्तसभा

ज्युबिलीचे वर्ष आले की मागे वळून पाहण्याची बुद्धी आपोआप होते. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा केव्हा चढली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, ह्यांच्या याद्या तयार होतात. आणि त्या व्हाव्यात हे योग्यच होय. आम्हांस मात्र ह्या प्रसंगी एक निराळा इतिहास सांगावासा वाटतो. त्याचा आरंभ वसईस आहे व शेवट जपानात. पण विषय आपण मिस्सेच्या वेळी नित्य आळवतो तोच, म्हणजे परमेश्वराची अढळ निष्ठा आणि सेवेसाठी त्याने केलेले पाचारण. संत पौलाने थेस्सलनिकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस ह्या दोन गोष्टी एकत्र जोडल्या आहेत : जो बोलावतो तो निष्ठावंत आहे आणि आरंभिलेले कार्य तोच तडीस नेईल, असा त्याचा आशय आहे. हे वाचावयास सोपे आहे. परंतु ज्यास हाक ऐकू आली आणि दार मात्र उघडले नाही, त्याने ह्या वचनाचा अर्थ काय लावावा?

असा एक मनुष्य सुमारे 1557 साली वसईस जन्मास आला. बाप पोर्तुगीज, आई वसईचीच. नाव गोन्सालो गार्सिया. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला आणि वयात येण्यापूर्वीच त्यांच्याबरोबर जपानात गेला. तिकडची भाषा त्याने इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून तो गावोगाव लोकांस प्रार्थना व धर्मतत्त्वे शिकवू लागला. कित्येक वर्षे अशी सेवा झाल्यावर संघात आपणांस घ्यावे अशी त्याची स्वाभाविक इच्छा होती. ती पुरी झाली नाही. का झाली नाही ह्याची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे; आम्ही तीत शिरत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, गोन्सालोने हाय खाल्ली नाही, तसेच आपणांस आलेले बोलावणे खोटे होते असेही मानले नाही. तो व्यापारात पडला. व्यापाराच्या निमित्ताने मनिलास जाणे झाले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यास आपल्यात घेतले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून. वेदीपुढे उभे राहून मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यास आयुष्यभर मिळाला नाही. (वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या पडक्या मंदिरास आज लोक त्याच गोन्सालोच्या नावाने ओळखतात, हा काळाचा न्याय थोडा गमतीचा वाटतो.)

व्यापारी असताना व त्यापूर्वी शिकलेली जपानी भाषा आता उपयोगी पडली. 1593 साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी ह्याजकडे पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर गेला. दुभाष्याचे काम कसे असते हे वाचकांस ठाऊकच आहे. सर्व बोलणे त्याच्या मुखातून जाते, पण त्यातील एकही शब्द त्याचा स्वतःचा नसतो. पुढे त्या काळच्या राजधानीत, म्हणजे क्योतोत, ह्या संघाने मठ व मंदिर बांधले, आणि समाजाने बाहेर टाकलेल्या महारोग्यांसाठी रुग्णालये चालविली. परक्या देशात भाषा जाणणाऱ्या ब्रदरच्या वाट्यास काय काय येते हे निराळे सांगावयास नको : बाजार, दरबार, रोग्यांची विचारपूस, लहानांची शिकवण. आमच्या मते गोन्सालोचे खरे चरित्र ह्या तीन-चार वर्षांतच आहे. पण चित्रकारांनी त्याच्या हाती केवळ क्रूस दिला आहे, दुभाष्याची ही वर्षे कोणी रंगविली नाहीत.

1596 च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील खलाशांच्या बढाईमुळे हिदेयोशीचा संशय बळावला असे सांगतात. पण धर्मप्रसारकांनी देश सोडावा असा त्याचा हुकूम 1587 सालीच निघालेला होता. तेव्हा गलबत हे निमित्त झाले असे म्हणणेच रास्त. डिसेंबरात धरपकड झाली. 1597 च्या जानेवारीत क्योतोच्या रस्त्यावर कैद्यांचे डावे कान कापण्यात आले, आणि तेथून नागासाकीपर्यंत सुमारे 800 किलोमीटरांची वाट ऐन हिवाळ्यात त्यांस चालविण्यात आले. आरंभी ते 24 होते. वाटेत त्यांची सेवाशुश्रूषा करण्यास जे दोघे बरोबर चालले होते, त्यांसही शिपायांनी कैद्यांत ओढले, व संख्या 26 झाली. त्या दोघांवर शिक्षेचा हुकूम नव्हता. सेवा करीत होते, एवढाच त्यांचा अपराध.

5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर ह्या 26 जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि बाकीचे 17 प्रापंचिक; त्यांत रुग्णालयात राबणारे होते आणि मठात राहणारी लहान मुलेही होती. क्रूसांवरून स्तोत्रगायन ऐकू येत होते असे वर्णन आहे. प्रार्थना कोठवर टिकते ह्याची परीक्षा घेणारे ह्याहून कठीण ठिकाण आम्हांस सुचत नाही.

येथेच कथा थांबती, तर रक्तसाक्ष्यांच्या अनेक कथांपैकी ही एक ठरली असती. पण पुढचा भाग आम्हांस अधिक विलक्षण वाटतो. 1614 साली जपानभर ख्रिस्तधर्मावर सक्त बंदी आली. लपून राहिलेला अखेरचा धर्मगुरू 1644 साली मारला गेला. तेथून पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात मिस्सा नाही, पापकबुली नाही, नवा ग्रंथ नाही. लोकांना पवित्र प्रतिमा पायाखाली तुडवावयास लावून त्यांची परीक्षा घेतली जाई. अशा स्थितीत नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी व कोळी लोकांनी आपसात कामे वाटून घेतली. एकाने सणावारांचे पंचांग सांभाळावे, एकाने मुलांस स्नानसंस्कार द्यावा, एकाने घरोघर निरोप पोचवावे. प्रार्थना बापाकडून मुलाकडे तोंडपाठ जात. त्यांत लॅटिन शब्द इतके मिसळलेले होते की पुढे पुढे म्हणणारासही कित्येकांचा अर्थ कळेनासा झाला. तरी म्हणणे चुकले नाही. धर्मगुरू नसल्यामुळे पश्चात्तापाच्या प्रार्थनेवर त्यांचा विशेष भर असे. सात पिढ्यांनंतर धर्मगुरू पुन्हा समुद्रावरून येतील, अशी एक वाणी त्यांच्यात चालत आली होती.

8 जून 1862 रोजी पोपमहाशय नववे पायस ह्यांनी निशिझाकाच्या 26 रक्तसाक्ष्यांस संतपद दिले. बंदर परकीयांस खुले झाल्यामुळे फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे एक मंदिर बांधले व ते ह्याच 26 संतांच्या नावे अर्पण केले. त्याचा दर्शनी भाग निशिझाकाच्या दिशेस आहे. ते परकीयांपुरते होते, जपानी मनुष्याने ख्रिस्ती होणे हा अजून गुन्हाच होता. 17 मार्च 1865 रोजी उराकामी खेड्यातील दहापंधरा माणसे दाराशी येऊन उभी राहिली. फादर पेतिजाँ ह्यांनी दार उघडून त्यांस आत घेतले व स्वतः वेदीपुढे गुडघे टेकले. इतक्यात एक स्त्री जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली की, आमची अंतःकरणे तुमच्यासारखीच आहेत. मग तिने पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बोलण्याच्या ओघात त्या लोकांनी सांगितले की, आज आमच्या दुःखकाळाचा सतरावा दिवस आहे.

वाचकांनी जुने पंचांग काढून पाहावे. त्या वर्षी राखेचा बुधवार 1 मार्चला होता. दोनशेहून अधिक वर्षे रोमशी काडीचाही संबंध नसता, एका खेड्यातील पंचांग राखणाऱ्या माणसांनी उपवासकाळाचा एक दिवसही चुकविला नव्हता.

पुढे त्यांस सुखाचे दिवस आले असे मात्र नव्हे. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपार करण्यात आले व त्यांतील कित्येक शेकडा परत आलेच नाहीत. बंदी उठली ती 1873 साली.

आपल्याकडे इतकी कठोर वेळ आली नाही, आणि तशी तुलना करणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. तरी 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने वसई घेतली तेव्हा युरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले, पुष्कळ मंदिरे ओस पडली, आणि जे ख्रिस्ती लोक मागे राहिले त्यांचा भार थोड्या देशी धर्मगुरूंवर पडला. वसईस गोन्सालोची वेदी पुन्हा उजळली ती त्यानंतर. मधल्या काळात तेर्स कोणी म्हणविला, मुलांस क्रूसाची खूण कोणी शिकविली, मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसले, ह्यांची नावे दप्तरात फारशी सापडत नाहीत.

ह्या पुस्तिकेतही धर्मगुरूंची यादी पूर्ण आहे, पण घंटा वाजविणारे, दोत्रीन शिकविणाऱ्या बाया आणि पावसाळ्यात घरोघर तेर्स म्हणविणारे जुने मुकादम त्यात नाहीत. वडीलधाऱ्या मंडळींपैकी ज्यांस अशी नावे आठवत असतील, त्यांनी ती सणाच्या दिवसापूर्वी कागदावर लिहून मंदिराच्या कचेरीत आणून द्यावीत. साल नक्की ठाऊक नसेल तर नुसते नाव व आळी लिहिली तरी चालेल.