प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

रोगावर औषध सांपडलें कीं रोगाचा पाडाव झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेल्या प्लेगचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे, हें ध्यानांत येतें. त्या रोगावर लस तयार झाली अवघ्या तीन महिन्यांत. पण ती लोकांच्या दंडापर्यंत पोंचावयास वर्षें लागलीं. मधलें अंतर विश्वासाचें होतें. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्यें मुंबईच्या मांडवी भागांत चालू असलेला ताप हा प्लेगच होय, असें डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं प्रथम ओळखलें. जांघेंत किंवा काखेंत गांठ यावी, ताप चढावा, आणि थोड्याच दिवसांत माणूस संपावा, असा हा रोग. लोक लाखांनीं शहर सोडून निघाले. रोगही त्यांच्याबरोबर गांवोगांव गेला. ऑक्टोबरांत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांस सरकारनें मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तुटपुंज्या जागेंत त्यांनीं लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मागाहून भायखळ्याच्या तुरुंगांतील, खुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोंचण्यांत आली.

परंतु सरकारची भिस्त लसीपेक्षां हुकुमावर अधिक होती. रोग्यांस बळेंच इस्पितळांत न्यावें, त्यांच्या सोबत्यांस छावणींत ठेवावें, प्रवाशांस स्टेशनावर तपासावें, असा प्रकार सुरू झाला. त्याबरोबर बाजारांत अफवांचें पीक आलें. इस्पितळांत माणसांस मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी एक अफवा. राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फांसलें, त्याचा हा सूड आहे, अशी दुसरी. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. या अफवांस केवळ अडाणीपणा म्हणून हंसणें सोपें आहे. पण इस्पितळांत गेलेलीं बहुतेक माणसें परत येत नाहींत, हें लोक डोळ्यांनीं पाहत होते. तीं कां परत येत नाहींत, हें समजेल अशा भाषेंत सांगणारा मनुष्य भेटला नाहीं, म्हणजे त्या रिकाम्या जागीं अफवा येऊन बसते.

पुण्यास याहून विपरीत घडलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालील कमिटीनें घरझडतीचें काम गोऱ्या सोल्जरांच्या हातीं दिलें. ते बुटांसह माजघरांत आणि देवघरांत शिरत; बायाबापड्यांची तपासणी होई; सामान रस्त्यावर येई. याच मार्च महिन्यांत त्याच पुण्याच्या परिसरांत सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत आणीत होत्या. त्या सेवेंतच त्यांस रोगानें गांठलें, आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळकांनीं सरकारी जुलमावर टीका केली, तशीच हिंदु प्लेग हॉस्पिटल उभारण्याची खटपटही केली. रोग्यास वेगळें ठेवावें, हें लोकांस मुळींच पटत नव्हतें असें नव्हे. तें कोणाच्या हातून व कोणत्या रीतीनें व्हावें, हा प्रश्न होता. त्याचें उत्तर मिळण्यापूर्वींच २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलै रोजीं मरण पावला.

यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांनीं एवढी सक्ती केली, त्यांना रोग कसा पसरतो हेंच नीट ठाऊक नव्हतें. गटारें धुणें, घरें औषधानें भिजविणें, छपरें उघडीं करणें, असे उपाय चालले होते. आणि उंदीर मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत निर्धास्त जात होते. उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, असें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस प्रयोगानें दाखविलें. पण तें सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरचें संशोधन लागलें. अपुरें ज्ञान हा दोष नव्हे. तें पुरें असल्याचा आव आणून लोकांची घरें फोडणें, हा दोष.

आतां दुसरी बाजू पाहूं. १८९७ सालीं पोर्तुगीज अंमलाखालील दमण येथें २१९७ लोकांनीं लस घेतली; त्यांतील ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६०३३ पैकीं १४८२ गेले. आंकडे बोलके खरे; पण कोष्टक वाचून कोणी दंड पुढें करीत नाहीं. मुंबईच्या खोजा समाजांत तें घडलें, कारण तरुण आगाखानांनीं आपल्या लोकांसमक्ष स्वतः लस टोंचून घेतली आणि हाफकिन यांस प्रयोगशाळेसाठीं आपली जागा दिली. मग हजारों खोजे पुढें आले. १८९८ सालीं बडोद्याजवळच्या उंढेरा गांवीं घरोघर सुमारें निम्म्या माणसांस लस देण्यांत आली. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत कोण वांचतो, हें गांवानें स्वतः पाहिलें. टोंचून घेतलेल्यांत मृत्यु फारच थोडे झाले.

विश्वास मिळविण्यास वेळ लागतो. तो ढासळण्यास एक बाटली पुरते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुलकोवाल येथें लस घेतलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. सर्वांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला, आणि हाफकिन यांस काम सोडावें लागलें. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही बाजू पुढें आली. पण रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं जाहीर आवाज उठवून त्यांची निर्दोषता पटविण्यास १९०७ साल उजाडलें. एवढ्या अवधींत खरें काय तें लोकांपुढें वेळच्या वेळीं आलें नाहीं, आणि लसीच्या नांवावर काळा डाग राहिला. परळच्या त्याच प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें.

२०२० सालीं करोनाची साथ आली, तेव्हां महाराष्ट्रांत पुन्हां तोच १८९७ चा कायदा पुढें करण्यांत आला. कायदा कपाटांतून काढतां येतो; विश्वास तसा काढतां येत नाहीं. तो साथीपूर्वींच जमवून ठेवावा लागतो. जें ठाऊक आहे तें स्पष्ट सांगावें, जें ठाऊक नाहीं तेंही सांगावें, चूक झाली तर झांकूं नये, आणि सांगणारानें प्रथम आपला दंड पुढें करावा. हाफकिन यांनीं नेमकें हेंच केलें होतें; त्यांची लस हातीं असतांही राज्यकर्त्यांनीं त्यांचा हा धडा घेतला नाहीं, आणि त्याची किंमत घरोघरच्या माणसांनीं दिली.